शॅमेलिऑन खात नाही तेव्हा

तिरुवैयारुच्या परिसरात ज्याला ‘पच्चोंदी’ म्हणतात, तो शॅमेलिऑन कुंपणावरून उचलून घरी आणला की बहुधा अन्न नाकारतो. मग तोंड उघडून कीटक कोंबण्याची घाई होते. ही भूतदया त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते. ऊन न मिळाल्यास पचन मंदावते आणि गिळलेला किडा पोटात कुजू शकतो. वाटीतले स्थिर पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून उमगतच नाही; तो पानांवरचे थेंब चाटतो. तहानलेला जीव खाणार कसा? त्यात भोवती सतत न्याहाळणारी माणसे. (रंग गडद झाला की मुले टाळ्या पिटतात; तो रंग पुष्कळदा भीतीचा असतो.)

परदेशी जातीचा आणि २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’वर नोंदलेला शॅमेलिऑन असेल, तर त्याला पानांचा आडोसा, ऊन, पाण्याचे तुषार आणि हलणारा जिवंत किडा द्यावा, तरीही उपाशी राहिल्यास पशुवैद्य गाठावा. भारतीय शॅमेलिऑन मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पाळताच येत नाही. त्याच्या उपासावरचा इलाज वनविभागाला कळवण्यापासून सुरू होतो.