मृत्युपत्र आणि मेलेल्या कराची भीती

पेरणी कोणत्या नक्षत्रावर धरावी ह्याविषयी आमचे शेतकरी बंधू चार जाणत्यांस विचारतात. परंतु आपल्या पश्चात जमीन कोणाकडे व कशी जावी हा विषय निघाला की बैठक उठते. जिवंतपणी मरणाची गोष्ट काढणे अभद्र, ही एक समजूत. दुसरी अशी की, मृत्युपत्र नोंदविले म्हणजे मिळकत सरकारच्या नजरेस येते व तीवर कर बसतो. महसूल खात्यात कारकुनी करीत असता ही दुसरी भीती आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकली, सबब तिच्याविषयी प्रथम लिहितो.

ह्या भीतीस एके काळी आधार होता. १९५३ साली मृत्युकराचा कायदा झाला, आणि मोठ्या मिळकतीच्या मालकाच्या मागे त्याच्या वारसांस खरोखरीच कर भरावा लागे. तो चुकविण्यासाठी लोक हयातीतच मिळकत देऊन टाकतील हे ओळखून १९५८ साली देणगीकर आणला गेला. परंतु १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंस मृत्युकर लागत नाही, आणि देणगीकरही १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद झाला. आज बापाची जमीन वारशाने मुलांकडे आली एवढ्याच कारणाने कोणासही कर द्यावा लागत नाही. मृत्युपत्रास तर मुद्रांकही लागत नाही. साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांदेखत सही अगर अंगठा करून, त्या दोघांनीही सही करणाऱ्यासमक्ष आपल्या सह्या केल्या म्हणजे ते पुरे होते. नोंदणी सक्तीची नाही; तथापि ती करावी असे आमचे मत आहे. साक्षीदार मात्र वयाने लहान व गावात राहणारे पाहावेत. आपल्या आधीच स्वर्गवासी होणारा साक्षीदार कोर्टात काय उपयोगी पडणार?

येथे आमचीच गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे वडील मृत्युपत्र न करता वारले. वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी लागते हे आम्ही कचेरीत शेकडो लोकांस सांगत होतो. घरी मात्र ती देण्यास अकरा वर्षे लावली. तेवढ्यात वडील बंधू निवर्तले, एक भगिनी गेली, त्यांची मुले परगावी पांगली. तीन नावांचा फेरफार बारा नावांचा झाला. सातबाऱ्यावर मृताचे नाव असल्यामुळे पीककर्ज मिळेना, आणि विहिरीचे काम दोन उन्हाळे अडून राहिले. सरकारने आमच्याकडून एक पैसाही घेतला नव्हता. जे गेले ते आमच्याच आळसाने.

मृत्युपत्र करणारांची एक चूक वारंवार दृष्टीस पडते. ते सर्व क्षेत्र एका मुलाच्या नावे लिहून मोकळे होतात. परंतु आपले तेवढेच देता येते. समजा, वडिलोपार्जित एकत्र जमीन आठ एकर आहे, आणि कुटुंबात बाप, त्याची पत्नी, एक पुत्र व एक कन्या आहेत. वाटणी धरली तर चार समान हिस्से पडतात, म्हणजे मृत्युपत्राने बापास दोनच एकर देता येतील. कन्येचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने पुत्राच्या बरोबरीचा झाला आहे; महाराष्ट्रात तर त्याआधीच, १९९४ साली, तसा कायदा झाला होता, अर्थात पूर्वी विवाह झालेल्या कन्यांस वगळून. बाप २००५ पूर्वी वारला असला तरी कन्येचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले. स्वकष्टार्जित जमीन मात्र कोणासही देता येते. तेव्हा लिहिण्यापूर्वी जुने फेरफार काढून कोणता गट कसा आला हे पाहावे.

आता बक्षीसपत्राविषयी. पत्नी, पुत्र, कन्या, नातवंडे किंवा मृत पुत्राची पत्नी ह्यांस शेतजमीन बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे; इतर अधिभार व नोंदणीचा खर्च निराळा. ह्या स्वस्ताईस भुलून कित्येक वृद्ध हयातीतच सर्व क्षेत्र देऊन टाकतात. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्र नोंदून स्वीकारले गेले की मालकी गेली. एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्या टेबलाशी येऊन सातबाऱ्यावर आपले नाव शोधत उभे राहिलेले आम्हांस आठवतात. दस्त त्यांनीच करून दिला होता, आणि तो वाचून पाहिला नव्हता. मुलगा सांभाळील अशी शर्त त्यात कोठेही नव्हती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने, सांभाळाच्या शर्तीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागता येते. परंतु शर्त दस्तात स्पष्ट लिहिलेली असेल तर काम सोपे. नाही तर तोंडी वचन शाबीत करीत बसावे लागते. ज्यास द्यावयाचेच असेल त्याने निदान राहते घर व विहिरीचा गट आपल्या नावे ठेवावा. व्यवहारज्ञ मुलांस हे रुचणार नाही हे आम्ही जाणतो.

आम्ही स्वतःचे मृत्युपत्र गेल्या चैत्रात नोंदविले. त्याआधी दोन्ही कन्यांस बोलावून तो मजकूर वाचून दाखविला. धाकटीने एका गटाविषयी हरकत घेतली व ती रास्त होती, म्हणून ते कलम बदलून पुन्हा लिहिले.