अम्मींच्या गुडघ्याचे माप

आमचे मलकापूरचे घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले. घाटाखालचा उन्हाळा कसा असतो, हे जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून माजघराखाली तळघर. पूर्वी वैशाखाच्या दुपारी बायका तिथेच गहू निवडत आणि मुलांना झोपवत. पण एकदा पायरीवरून पाय घसरला आणि तेव्हापासून सहा वर्षे अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, खाली गेलेल्या नाहीत.

यंदा घराची दुरुस्ती काढली. मिस्त्रींनी जुन्याच जागी नऊ पायऱ्यांचा सरळ जिना सुचवला. “मॅडम, तळघरात रोज कोण जातं? उगीच जागा जाईल.” अम्मीही म्हणाल्या, “जाने दो बेटा, अब नीचे मेरा क्या काम?” त्यांचे हे बोलणे मला लागले. ज्या घरात त्यांनी आयुष्य काढले, त्यातला एक भाग आम्ही एका जिन्यापायी त्यांच्यासाठी बंद करणार होतो.

मग मी कागद-पेन्सिल घेतली. वरच्या फरशीपासून तळघराच्या फरशीपर्यंत ९ फूट, म्हणजे १०८ इंच. नऊ पायऱ्या केल्या तर एकेक चढ १२ इंचांचा! अंगणात विटा रचून अम्मींना पाय ठेवायला लावला. १२ इंचांवर त्यांनी भिंत धरली, ९ इंचांवर “या अल्लाह” म्हणाल्या, ७ इंचांवर सहज चढल्या. राष्ट्रीय इमारत संहितेतही (२०१६) राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे साधारण १० इंच सांगितली आहे. १०८ इंचांचे १५ चढ केले की एक चढ सव्वासात इंचांना थोडा कमी येतो.

एवढा जिना सरळ नेला तर पावणेबारा फूट जागा लागते. तेवढी नव्हती. म्हणून सात चढ, मग तीन फुटांचा चौक, तिथून वळून आठ चढ. हे ९ फूट बाय साडेसहा फुटांत बसते. त्यासाठी कोठीची खोली निम्मी झाली. घरात दोन दिवस कुरकुर झाली, पण झाली ती झाली.

तळघराचा जिना करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. उंची मोजताना दोन्हीकडची नवी लादी धरूनच मोजावी. नाहीतर पहिली किंवा शेवटची पायरी दोन इंचांनी वेगळी होते आणि माणूस नेमका तिथेच अडखळतो. डोक्यावर सव्वासात फूट मोकळे असावेत. लादी गुळगुळीत नको. कठडा वरपासून खालपर्यंत सलग हवा. दिव्याचे बटण दोन्ही टोकांना हवे. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून वरच्या तोंडाशी चार इंचांचा उंबरा ठेवावा आणि भिंतीचे ओलीचे काम जिन्याआधी उरकावे.

मिस्त्री रिकाम्या हाताने जिना उतरून पाहतात. घरातली बाई मात्र धान्याचा डबा कमरेवर घेऊन चढते. जिन्याची परीक्षा तिच्या पावलांनी व्हावी.

हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितले आहे की, प्रवासात चढण लागली की ते ‘अल्लाहु अकबर’ म्हणत आणि उतरण लागली की ‘सुब्हानल्लाह’. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवणही आपण मुलांना देतो. पण वाट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचा दगड येतो, स्वतःच्या घरातली बारा इंचांची पायरी येत नाही.

रविवारी अम्मी कठडा धरून उतरल्या. प्रत्येक पायरीवर ‘सुब्हानल्लाह’. चौकात थोडे थांबल्या. खाली पोहोचल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली, “मेरा पीतल का हंडा किधर रखा?”

घराचे काम काढाल तेव्हा आधी पाहा, घरात सर्वांत दुबळे गुडघे कोणाचे आहेत. माप तिथून घ्या.