ट्रॅक्टरला चालते, मग कारला का नाही?

चाकांमधले अंतर वाढवणे हा आष्टी तालुक्याला नवा प्रकार नाही. कपाशी-तुरीच्या ओळींत ट्रॅक्टर घालायचा तर मागची चाके ओळींच्या अंतराला जुळवावीच लागतात. त्यासाठी डिश उलटी करतात, रिम पालटतात, आणि दोन चाकांतले अंतर साधारण चार-चार इंचांच्या टप्प्यांनी कमी-जास्त होते. पुढच्या अ‍ॅक्सलला तर भोके पाडूनच दिलेली असतात. बोल्ट काढायचा, नळी ओढायची आणि पुढच्या भोकात बोल्ट घालायचा. ट्रॅक्टरसोबत येणाऱ्या पुस्तकात ही मापे छापलेली असतात.

कारचे मात्र तसे नाही. एमएच 23 पाटीच्या गाड्यांची चाके मडगार्डबाहेर काढून ‘लूक’ आणायचा, ही हौस आता कडा-आष्टीपर्यंत पोचली आहे. त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. ट्रॅक्टरचे चाक सरकते ते कंपनीने आखलेल्या जागी. कारच्या बाबतीत ती जागा आखलेली नसते, मालकच ती पाडतो. सगळा फरक इथेच आहे.

हौसेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. स्पेसरने गाडी बसकी, रुंद दिसते आणि वळणावर किंचित कमी कलते, हेही खरे. पण प्रत्येक चाकाला 25 मिलिमीटरची चकती लावली की दोन चाकांतले अंतर 5 सेंटीमीटरने वाढते आणि प्रत्येक टायर बेअरिंगपासून 25 मिलिमीटर लांब जातो. भार तोच राहिला तरी तो बेअरिंगला पिळतो जास्त. पुढचे एक चाक खड्ड्यात आदळले की स्टिअरिंग हाताला हिसका देते. आणि खड्डे शोधायला या भागात फार लांब जावे लागत नाही.

बिघाड मात्र बहुतेक वेळा निवडीतच होतो. तीन-पाच मिलिमीटरची पातळ चकती निरुपद्रवी वाटते, पण तिला स्वतःचे बोल्ट नसतात; ती मूळ स्टडचेच आटे खाते. स्टडचा जितका व्यास, किमान तितकी लांबी नटात धरली गेली पाहिजे, असा ठोकताळा आहे. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांचा स्टड 12 मिलिमीटरचा असतो आणि दीड मिलिमीटरला एक आटा, म्हणजे नट किमान आठ फेरे बसला पाहिजे. पाच मिलिमीटरच्या चकतीने तीनहून जास्त फेरे गेले. चाक चढवल्यावर नट हाताने फिरवून फेरे मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

जाड स्पेसरचे दुखणे वेगळे. तो आधी हबला नटांनी आवळायचा आणि मग त्याच्याच बोल्टवर चाक चढवायचे. म्हणजे आतले नट चाकामागे दडले. ते ढिले झाले तर चाक काढल्याशिवाय कळायचे नाही. शिवाय गाडीचे मूळ स्टड चकतीच्या वर डोकावले, तर चाक त्यांच्यावर टेकते आणि सपाट बसतच नाही. फॉर्च्युनरला सहा बोल्ट, 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळात. भारतातल्या स्विफ्टला चार, 100 च्या. ही मापे कुणी सहसा चुकत नाही. चुकते ते मधले भोक. चकती हबच्या उंचवट्यावर घट्ट बसली नाही तर चाक मध्यावर राहत नाही, वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते, आणि मग दोष ‘अलाइनमेंट’वर जातो.

बसवतानाही घाई नडते. हबवरचा गंज आणि वाळलेली माती तारेच्या ब्रशने खरवडून काढावी. ग्रीस किंवा रंग दोन पृष्ठभागांच्या मध्ये नको. नट समोरासमोरचे आवळावेत, तेही टॉर्क पान्याने आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. हवेच्या गनने करकचून आवळले की काम पक्के झाले, हा पंक्चरच्या दुकानातला समज स्टड ताणतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे, आतले नटसुद्धा. हे शेवटचे काम करणारा विरळाच.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत असलेल्या तपशिलाला छेद देणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाचीच बाजू धरली. त्याच वर्षी नव्या रूपात आलेल्या कलम 182-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वर येतो, हे वेगळेच. जर्मनीत मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून स्पेसर पास करून घेता येतो. आपल्याकडे गाड्यांचे नमुने तपासणारी ‘एआरएआय’ 1966 पासून पुण्यात आहे. हौशी मालकालाही अशी तपासणी करून घेण्याची सोय मिळायला हवी. नुसत्या दंडाने ही कामे गॅरेजच्या मागच्या अंगाला होत राहतील.

तोवर ज्याला चाक थोडे बाहेर हवेच आहे, त्याने चकतीऐवजी अलॉय निवडतानाच मागच्या बाजूला कोरलेला ‘ईटी’चा, म्हणजे ऑफसेटचा आकडा बघावा. रुंदी तीच ठेवून 45 च्या जागी 40 चे चाक घेतले तर ते पाच मिलिमीटर बाहेर येते. बेअरिंगवरचा वाढीव पीळ तेवढ्याच जाडीच्या चकतीइतका राहतो, पण मध्ये जादा जोड येत नाही. टायरचे माप मूळच ठेवावे, आणि पैसे देण्याआधी गाडीत पाच माणसे बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून एखादा गतिरोधक ओलांडून बघावा. टायर मडगार्डला घासला, तर चाक दुकानातच परत ठेवावे.