हंगामी मजुराचा कफील

‘कफील’ हा शब्द कोकणातल्या आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आखातात गेलेल्या माणसाचा व्हिसा ज्याच्या नावावर, तो कफील. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील तिकडे आहेत. ही मुलेसुद्धा हा शब्द जाणतात. या पद्धतीवर पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी भरपूर टीका केली, आणि ती योग्यच होती. पण अमेरिकेतही एक कफील आहे, फक्त त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही.

मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड हे उन्हाळी सहलीचे ठिकाण. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत तिथली हॉटेले गजबजलेली असतात. खोल्या झाडायला, भांडी घासायला माणसे अपुरी पडतात, म्हणून जमैकासारख्या देशांतून कामगार आणले जातात. त्यांचा व्हिसा ‘एच-२बी’. कायद्याने त्याची मर्यादा वर्षाला ६६,००० ठेवली आहे. ती पुरत नाही, म्हणून अलीकडे सरकार वरून जादा व्हिसा देते.

स्थानिक माणसे मिळत नाहीत, हे हॉटेलवाल्यांचे म्हणणे खोटे नाही. चार महिन्यांच्या कामासाठी पक्की नोकरी कोण सोडेल? कॉलेजची मुले ऑगस्टमध्ये परत जातात. श्रीमंतांनी सुट्टीपुरती घरे घेऊन ठेवल्यामुळे भांडी घासणाऱ्याला तिथे राहणेही परवडत नाही.

पण बाजाराचा साधा नियम आहे : ज्याचा तुटवडा, त्याचा भाव वाढतो. इथे मात्र कामगाराला भाव करताच येत नाही, कारण त्याचा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. शेजारचे हॉटेल जास्त पगार द्यायला तयार असले, तरी त्या हॉटेलने सरकारदरबारी सगळी प्रक्रिया केल्याशिवाय त्याला तिकडे जाता येत नाही. शेतमजुरांच्या ‘एच-२ए’ व्हिसात मालकाने मोफत निवारा देण्याची सक्ती आहे. ‘एच-२बी’मध्ये ती नाही. निवारा मालकाचाच असेल, तर तक्रार करणाऱ्याची नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर दोन्ही एकदम धोक्यात येतात.

घरच्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात म्हणून हे लोक दरवर्षी जातात, हे खरे. आपलीही माणसे त्यासाठीच गेली. पण गरजेपोटी दिलेली संमती म्हणजे न्याय नव्हे.

कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट कायद्यातून काढली. अमेरिकेनेही हंगामी व्हिसा मालकाच्या नव्हे, कामगाराच्या हाती द्यावा. त्याला हंगामभर त्या व्यवसायात कुठेही काम करू द्यावे. मग तुटवडा खरोखर माणसांचा आहे की चांगल्या मालकांचा, हेही कळेल.