वायनरी आणि हप्ते

नारायणगावचे नाव काढले की जुन्या माणसाला तमाशाच्या राहुट्या आठवतात, विठाबाई आठवतात. याच गावी 1980च्या दशकात शामराव चौगुले यांच्या 'इंडेज'ने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन तयार केली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती थेट परदेशात पाठवली. पुष्कळांना तेव्हा गंमत वाटली. पण हवा चौगुल्यांच्या बाजूची होती. जुन्नर-आंबेगावात हिवाळ्याचे दिवस उन्हाचे आणि रात्री बोचऱ्या. ऑक्टोबरात छाटलेल्या वेलीचे फळ अशा हवेत सावकाश पिकते, साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाइनला दोन्ही लागतात.

आता तिकडच्या एखाद्या घरात शिकून आलेला मुलगा म्हणतो, "आबा, आपणच छोटी वायनरी काढू." 2001मध्ये राज्य शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यापासून ही स्वप्ने वाढली आहेत, आणि ती वाईट नाहीत. पण कर्जाचे अर्ज तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याची नजर आधी वेळापत्रकावर जाते. नवी लागवड दोन-तीन वर्षे धड माल देत नाही. टाक्या, थंड करणारी यंत्रे, बाटल्या मात्र आधीच घ्याव्या लागतात. मग रस आंबवा, मुरवा. लाल वाइन वर्षभर पडून राहते. फेसाळती तर बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची. तेवढ्यात हप्ते सुरू होतात. खाण्याच्या द्राक्षांचा व्यापारी एखादे वेळी बुडवतोही, पण त्याचा हिशोब निदान त्याच हंगामात कळतो!

'इंडेज'ने पुढे परदेशातही पसारा वाढवला. 2008च्या जागतिक मंदीनंतर कंपनी कर्जात रुतली आणि अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात गेली. वाइन वाईट होती असे कोणी म्हणाले नाही.

कंपनी अवसायनात निघाली की पैसे मागणाऱ्यांची रांग लागते. पुढे तारण घेतलेल्या बँका आणि कामगार. ज्याने नुसत्या विश्वासावर द्राक्षे घातली तो बागायतदार बराच मागे. मी आयुष्यभर पुढच्या टोकाला बसलेला माणूस, म्हणून हे थोडे अपराधी मनानेच सांगतो.

तेव्हा लेबलावर कोणते चित्र छापायचे हे त्या मुलाला मी विचारणार नाही. शेजारच्या बागेतला माल घेशील, त्याचे पैसे वजनकाट्यावर देशील की बाटल्या खपल्यावर, एवढेच विचारीन. आबांनी ते आधीच विचारले असेल.