रुग्णसेवा आणि ज्ञानाचा हक्क

आजाऱ्याच्या उशाशी बसून रात्र काढणारा माणूस आणि आजाराचे ज्ञान असलेला माणूस, ही दोन माणसे आपल्या समाजात फार काळ एकमेकांपासून वेगळी ठेवण्यात आली. हे वेगळेपण निसर्गाने केलेले नाही. ते माणसांनी केले आणि त्याचा पाया जातीत होता. बाळंतीण सोडविणे, नाळ कापणे, रक्ताने भरलेली वस्त्रे धुणे, वार पुरणे ही कामे खेड्यापाड्यांत पुष्कळ ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या जातींतील सुईणीकडे असत. जगात येणारा जीव प्रथम तिच्या हातात येई आणि तोच जीव मोठा झाल्यावर तिच्या स्पर्शाचा विटाळ मानी! काम तिला दिले गेले. त्या कामामागचे शास्त्र मात्र तिला कोणी शिकविले नाही. पुढे शास्त्र आले तेव्हा त्याच सुईणीला ‘अडाणी’ ठरवून बाजूस सारण्यात आले. ज्या समाजाने तिला अक्षराजवळ येऊ दिले नाही, त्याच समाजाने तिला अडाणी म्हणावे, यापरता अन्याय कोणता?

आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो तो प्रश्न याच अन्यायातून उभा राहिलेला आहे. रुग्णाची सेवा कशी करावी याचे ज्ञान कोणाचे? ते इस्पितळाच्या भिंतींआड राहावे, की रुग्ण ज्या घरात निजला आहे त्या घरापर्यंत यावे? आमचे मत स्पष्ट आहे. सेवेचा भार ज्याच्यावर पडतो, त्याला त्या सेवेच्या ज्ञानाचा हक्क आहे. आणि ज्या लोकांच्या घरांत व शरीरांवर संशोधन होते, त्यांना त्या संशोधनाच्या फळाचाही हक्क आहे.

हा केवळ भावनेचा युक्तिवाद नव्हे. अनुभवाने आणि आकड्यांनी तो सिद्ध झालेला आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले आणि माणसे जमिनीवर तडफडून मरू लागली. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. पण पाजणार कोण? डॉक्टर थोडे होते आणि परिचारिका त्याहून थोड्या. तेव्हा पाजले ते रुग्णांच्या नातलगांनी. आईने मुलाला पाजले, भावाने भावाला पाजले. शेकडा ३० च्या आसपास पोहोचलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. आज ज्याला आपण जलसंजीवनी म्हणतो, त्याचे सामर्थ्य त्या छावणीत सिद्ध झाले. द्रावण शास्त्रज्ञांचे होते, हात आप्तांचे होते. दोहोंपैकी एकही नसता तर ते प्राण वाचले नसते.

बंगालमध्ये संकटकाळी जे घडले, तेच आपल्या महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, ठरवून आणि मोजून करण्यात आले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे १९८० नंतरच्या दशकात काम सुरू केले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाला. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार होता. पण त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ च होत्या. इतकी वेदना घरोघर होती आणि वैद्यकशास्त्राच्या वहीत तिची नोंदच नव्हती! ज्यांचे दुःख मोजले जात नाही, त्यांच्यासाठी औषधही येत नाही, ही गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवली पाहिजे.

त्यानंतर प्रश्न आला बालमृत्यूंचा. लहान मुलांना होणारा न्यूमोनिया श्वासांच्या गतीवरून ओळखता येतो. परंतु निरक्षर दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येईलच असे नाही. म्हणून तिला अपात्र ठरविण्यात आले नाही, तर तिच्यासाठी साधन बनविण्यात आले. एक वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीच लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया समजावयाचा. उणीव माणसात नसून साधनात असते, हे या साध्या यंत्राने दाखवून दिले.

१९९५ पासून ३९ गावांत याच्याही पुढचे पाऊल टाकण्यात आले. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले गेले. बाळाला ऊब कशी द्यावी, स्तनपान कसे करवावे, जंतुसंसर्गाची लक्षणे कोणती, गुदमरलेल्या बाळाचा श्वास कसा सुरू करावा, आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यावे, हे सर्व त्या शिकल्या. आरंभी दर हजार जन्मांमागे ६२ अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ नी घटले होते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात हा निष्कर्ष छापला गेला आणि २०११ साली भारत सरकारने अशी घरोघरची नवजात बालसेवा देशभर स्वीकारली.

यावर एक आक्षेप घेतला जातो. अर्धवट ज्ञान घातक असते, म्हणून असले काम डॉक्टरांवरच सोपवावे, असे काही सुशिक्षित म्हणतात. अर्धवट ज्ञान घातक असते हे आम्हांस मान्य आहे. आणि म्हणूनच आम्ही पुरेसे ज्ञान मागतो. गडचिरोलीच्या त्या स्त्रियांना शिक्षण दिले होते, त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती, आणि रुग्णाला इस्पितळात केव्हा पाठवावयाचे हेही त्यांना शिकविले होते. आपली मर्यादा ओळखणे हाही ज्ञानाचाच भाग आहे. मात्र ‘आता वस्तीतच सेवा होते’ असे म्हणून सरकारने इस्पितळ, डॉक्टर आणि औषधे यांच्या जबाबदारीतून अंग काढून घेऊ नये. गरिबाच्या दारी आरोग्यसेविका आणि श्रीमंताच्या दारी शल्यविशारद, अशी नवी वर्णव्यवस्था आम्हांस नको आहे. आम्हांस दोन्ही हवेत.

जातीचा प्रश्न येथे ओढूनताणून आणलेला नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. त्यांनी ज्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यांपैकी पुष्कळ निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातील होत्या. ज्यांना उंबरठ्याबाहेर उभे केले जाई, त्यांनाच बाळंतिणीच्या खोलीत बोलावणे भाग पडले. पिण्याच्या पाण्याच्या कूपनलिका दलित वस्तीत घेण्यात आल्या, तेव्हा सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. त्या भागात १९७० च्या सुमारास हजारी पावणेदोनशेच्या आसपास असलेले बालमृत्यूचे प्रमाण पुढील काही दशकांत पंचविशीच्या आसपास आले. रोग हटविण्याचे काम आणि विटाळ हटविण्याचे काम तेथे एकाच हाताने झाले.

रुग्णसेवेसाठी केवळ दया पुरेशी नाही, हे भगवान बुद्धांनीही सांगितले आहे. अतिसाराने पीडित होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, हा विनयपिटकातील प्रसंग आपण ऐकलेला असतो. पण त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुणही सांगितले आहेत, त्यांकडे आपले लक्ष कमी जाते. औषध तयार करता येणे आणि रुग्णाला काय हितकर व काय अहितकर हे समजणे, हे त्यांतील पहिले दोन गुण आहेत. मलमूत्राची किळस न करणे हा गुण त्यानंतर येतो. किळस न करण्याचे काम आपल्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने आले. आता त्या पहिल्या दोन गुणांवरचा आपला हक्क आपण सांगितला पाहिजे.

संशोधनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००९-१० साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी लस अभ्यासासाठी देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. खम्मममध्ये अनेक संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. २०१० साली हे काम थांबविण्यात आले आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. येथे गैरसमज नको. ती लस उपयुक्त आहे आणि मुलींना ती मिळावी असेच आमचे मत आहे. दोष होता तो संमतीच्या बाबतीत. गरिबाच्या मुलीचे शरीर कोणाच्याही सहीने वापरता येते, असे ज्यांनी मानले त्यांचा तो दोष होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, संशोधनात भाग घेणाऱ्यास समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे आणि कोणत्याही क्षणी बाहेर पडण्याची मोकळीक असली पाहिजे. हा हक्क आपल्या घरातील प्रत्येकास ठाऊक असावा.

आता वेतनाचा प्रश्न. २००५ पासून देशात ‘आशा’ नेमल्या गेल्या. आज त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. परंतु त्यांची गणना कर्मचारी म्हणून न होता ‘स्वयंसेविका’ म्हणून होते, आणि त्यांना वेतन न मिळता मानधन व कामागणिक मोबदला मिळतो. योजनांतील अशा सेविकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने २०१३ सालीच केली होती. तरीही २०२१ व २०२३ साली महाराष्ट्रातील आशांना आपल्या मागण्यांसाठी संप करावा लागला. सुईणीला काम दिले आणि ज्ञान नाकारले. आशेला ज्ञान दिले आणि वेतन नाकारले. अन्यायाचे रूप बदलले, त्याची जात बदलली नाही. प्रसूतिकाळात कामगार स्त्रीला विश्रांती व लाभ मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात घेतली होती. स्त्रीच्या श्रमाचा हिशेब दयेच्या वहीत न लिहिता हक्काच्या वहीत लिहावा, हा धडा आपण त्यातून घ्यावयास नको काय?

बंधुभगिनींनो, मागण्या सरकारकडे करावयाच्या तशा काही गोष्टी आपणही करावयाच्या आहेत. मूल शांत असताना घड्याळ लावून पुरे एक मिनिट त्याचे श्वास मोजावयास घरातील प्रत्येकाने शिकावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न दवडता त्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. जुलाब लागताच जलसंजीवनी पाजावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, आणि मूल मलूल झाल्यास विलंब न करता डॉक्टर गाठावा. इस्पितळातून रुग्णाला घरी आणताना औषध कोणते, किती दिवस, आणि कोणते लक्षण दिसल्यास परत यावयाचे, हे मराठीतून विचारून लिहून घ्यावे. विचारताना संकोच करू नये. विचारणे हा उपकार मागणे नव्हे. आणि हे शिक्षण केवळ सुनांनी व मुलींनी घ्यावे असे नाही. पुरुषांनीही रुग्णाचे अंग पुसावे, पथ्य रांधावे, रात्र जागावी.

वस्तीतील विहारात पंधरवड्यातून एक सायंकाळ यासाठी ठेवावी. आशाताईंना बोलवावे, त्यांना मानाने बसवावे, त्यांच्याकडून शिकावे. आणि त्या आपल्या वेतनासाठी रस्त्यावर उतरतील तेव्हा त्यांच्यामागे उभे राहावे. ज्या हातांनी आजवर दुसऱ्यांची बाळे जगात आणली, त्या हातांच्या लेकींना आता शास्त्रही मिळाले पाहिजे आणि श्रमाचे मोलही मिळाले पाहिजे.