सायटेशन जगात, धूर आपल्या घरात

माझ्या आईने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, मिश्रीसुद्धा लावली नाही. तरी पासष्टीनंतर तिला जिना चढवेना. आम्ही पोरं 'वय झालं' म्हणत खोकल्याच्या बाटल्या आणत राहिलो. काही वर्षांनी एका डॉक्टरांनी तिला मशीनच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. निदान आलं सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या. चाळीस वर्षांच्या चुलीचा हिशेब होता तो.

आज हे लिहायचं कारण म्हणजे आपल्या पुण्याचे श्वसनरोग संशोधक डॉ. संदीप साळवी. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला त्यांनी डिझेलच्या धुरावर काम केलं. धडधाकट माणसं फक्त तासभर हा धूर हुंगली, तर श्वासनलिकांना आतून सूज येते. फुप्फुसाच्या नेहमीच्या तपासणीत मात्र तेव्हा काहीच दिसत नाही. हा निबंध 1999 चा. स्वारगेटच्या सिग्नलला रोज उभं राहणाऱ्यांनी जरा विचार करा.

पुढे पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना, 2009 साली, 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत त्यांचा निबंध आला. सीओपीडी म्हणजे सिगारेटवाल्यांचा आजार, या समजाला त्याने धक्का दिला. या आजाराच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, असा त्यांचा अंदाज. तेव्हा जगात तंबाखू ओढणारे होते सुमारे 100 कोटी, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात जगणारे सुमारे 300 कोटी! या निबंधाचा आधार जगभरच्या संशोधकांनी हजाराहून जास्त वेळा घेतलाय. यालाच सायटेशन म्हणतात. शास्त्रज्ञाचं वजन त्यावर मोजतात.

मोजू द्या. पुणेकर म्हणून मलाही अभिमान आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. तो निबंध माझ्या आईपर्यंत का पोचला नाही?

कारण आपल्याकडे मोजमापच होत नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये एकाच दिवशी देशातल्या 880 शहरं-गावांतल्या डॉक्टरांकडे आलेल्या 2,04,912 रुग्णांची नोंद साळवी आणि सहकाऱ्यांनी केली. निम्म्या रुग्णांच्या तक्रारी श्वसनाच्या होत्या. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत तर छातीत घरघर होणाऱ्या 82 टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. या पाहणीतही साळवी होते. आजार ढिगाने आणि नाव कुणालाच माहीत नाही, अशी गत.

यात सरकारचा दोष आहेच. रक्तदाबाचं यंत्र जसं प्रत्येक दवाखान्यात असतं, तसं स्पायरोमेट्रीचं यंत्र आणि ते चालवणारा शिकलेला माणूस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि महापालिकेच्या दवाखान्यात हवा. फुंकायला नीट शिकवलं नाही तर तपासणी फुकट जाते, म्हणून नुसती खरेदी करून चालणार नाही. नगरसेवक मत मागायला आले की आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो. हेही विचारायला हवं.

पण आपला दोषही कमी नाही. मुलीला दमा आहे, तर पंप लपवून ठेवायचा, लग्न जमणार नाही म्हणून. 'पंपाची सवय लागते' हे तर प्रत्येक घरात ऐकू येतं. अहो, पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून गोळीच्या मानाने फार थोडं पुरतं. सवय लागत नाही, आजार जुना असतो म्हणून औषध रोज लागतं. चष्म्याला आपण सवय म्हणतो का? आणि दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवायची, सकाळी सोसायटीच्या कोपऱ्यात पालापाचोळा जाळायचा, हे कुठल्या सरकारने सांगितलं?

साळवींचे निबंध इंग्रजीत आहेत, ते इंग्रजीतच असणार. त्यातलं चार ओळींचं मराठी आपल्या गल्लीत पोचवणं हे आम्हा पत्रकारांचं काम होतं. आम्ही त्यात कमी पडलो, मीही पडलो.

घरात कुणाचा खोकला महिनोन्‌महिने हटत नसेल, चालताना धाप लागत असेल, तर एवढंच करा. डॉक्टरांना सरळ विचारा, 'स्पायरोमेट्री करायची का?' आईच्या वेळी हा प्रश्न मला सुचला नव्हता.